‘लाइन गेली’ म्हणजे नेमकं काय गेलं?

वऱ्हाडात पंखा थांबला की घरातून एकच आवाज येतो, ‘लाइन गेली ना बे!’ पुणे-मुंबईकडे ‘लाइट गेली’ म्हणतील, वर्तमानपत्रात ‘वीजपुरवठा खंडित’ छापून येईल. अमरावती-अकोल्याकडे मात्र लाइन जाते आणि लाइनच येते.

शाळेत लाइन म्हणजे रेषा, ओळ, नाहीतर रांग, एवढंच शिकवतात. वऱ्हाडी माणसानं त्या शब्दाला स्त्रीलिंग दिलं, ‘लाइनीत’, ‘लाइनीनं’ असे प्रत्यय लावले आणि कामाला जुंपलं. पोरगा एमपीएससी सोडून दुकानात बसला, तर त्यानं ‘लाइन बदलली’. वाह्यात पोराला ‘लाइनीवर आणतात’. कॉलेजच्या गेटवर लाइन मारतात, ती समोरून मिळेलच असं नाही. अकोल्यात सिव्हिल लाइन आहे. इंग्रजांच्या ‘लाइन्स’मधला शेवटचा ‘स’ लोकांनी कधीच गाळून टाकला.

हे सगळं म्हणजे भाषेचा आळस, मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला, असा आक्षेप ठरलेला असतो. तो तपासून पाहायला शेतात जावं लागेल. वऱ्हाडात ‘इज’ म्हणजे आभाळातून पडणारी वीज. ती बैलावर पडते, झाडाखाली थांबलेल्या माणसावर पडते. मोटार चालवणारी ती लाइन. प्रमाण मराठी दोन्हींना ‘वीज’ म्हणते. जीव घेणारी आणि पाणी देणारी, या दोन गोष्टींना दोन शब्द ठेवणारी बोली गरीब कशी?

शेतकऱ्याच्या तोंडी तर ‘दिवसाची लाइन’ आणि ‘रातची लाइन’ असा आणखी एक भेद आहे. कृषिपंपांना वीज पाळीपाळीनं मिळते. रातची लाइन म्हणजे हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत, सापा-विंचवाच्या अंधारात, बॅटरी घेऊन निघणं. 2017 साली दिवसा वीज देण्यासाठी योजना आली, तिच्या नावात ‘सौर कृषी वाहिनी’ आहे. ‘वाहिनी’ शब्द बरोबरच आहे. पण ‘रातची वाहिनी’ असं कोणी म्हणत नाही, कारण त्या शब्दाला जागरण माहीत नाही.

आता हे अर्थ शेजारी शेजारी ठेवून पाहा. 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या लाइनी लागल्या. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदीनं बँकेपुढे लाइन लावली. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतलेची अरुंद लाइन इंग्रजांच्या काळात कापूस बाहेर नेण्यासाठी टाकली गेली; स्वातंत्र्यानंतरही तिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. आता गाडी बंद आहे, तरी लोक ‘शकुंतलेची लाइन’ म्हणतातच. आणि आज पीकविम्यासाठी, केवायसीसाठी ‘ऑनलाइन करून आण’ म्हणतात, त्या ऑनलाइनसाठीही सेतू केंद्रापुढे लाइन असते.

या बहुतेक वाक्यांत लाइनीचं एक टोक आपल्याकडे असतं आणि दुसरं कुठेतरी लांब, आपल्या हाताबाहेर. रांग म्हटलं की माणसं दिसतात, रूळ म्हटलं की लोखंड दिसतं. लाइन म्हटलं की वाट पाहणं ऐकू येतं. वाट पाहण्याचे हे निरनिराळे प्रसंग एका शब्दात बांधणारा दुसरा मराठी शब्द मला सापडत नाही.

म्हणून हा प्रश्न साहित्याचाही आहे. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’नं 1960 सालीच दाखवून दिलं, की वऱ्हाडी बोलीतले संवाद दुःखाचा सगळा भार पेलू शकतात. तरीही सिनेमात-मालिकेत ही बोली बहुधा हसवायलाच आणतात. लिहिताना आपणही ‘लाइन गेली’ खोडून ‘वीज गेली’ करतो आणि वाक्य शुद्ध झालं असं समजतो. त्या दुरुस्तीत उजेडाचा अर्थ उरतो, पण रातपाळीचं ओलित वाक्यातून निघून जातं. तुम्ही तुमच्या गावाची गोष्ट लिहाल, तेव्हा हा शब्द खोडू नका. त्याला तिरपा टाइप किंवा अवतरणचिन्हंही लावू नका. तो पाहुणा उरलेला नाही.