एकमितीय पुंज प्रणाली आणि समतोलाचे गृहीतक : एक चिकित्सा

प्रस्तावना :
पदवी स्तरावर सांख्यिकीय यामिकी शिकविताना, विलग प्रणाली पुरेशा कालावधीनंतर औष्णिक समतोलास पोहोचते, हे विधान बहुधा गृहीत धरले जाते. प्रारंभिक स्थितीची स्मृती पुसली जाते व ऊर्जा आणि कणसंख्या एवढ्याच राशी महत्त्वाच्या उरतात, असे त्याचे तात्पर्य होय. एकमितीय, परस्परक्रियाशील पुंज प्रणालींनी या गृहीतकाची मर्यादा दाखवून दिली. प्रस्तुत लेखात त्या मर्यादेची आणि तिच्या प्रचलित अर्थाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
एका खोबणीतील समान वस्तुमानाच्या गोट्या लवचीक टकरीत वेगांची केवळ अदलाबदल करतात. वेगांचा संच कायम राहतो. किनोशिता, वेंगर व वाइस यांनी २००६ मध्ये अतिशीत रुबिडियम अणूंवर केलेल्या प्रयोगात याचे पुंजरूप दिसले. प्रत्येक नळीत सुमारे ४० ते २५० अणू होते. हजारो टकरींनंतरही संवेगांचे वितरण औष्णिक झाले नाही.

याचे मूळ अक्षय्य राशींत आहे. इलेक्ट्रॉनांचे एकमितीय हबर्ड प्रारूप लीब व वू यांनी १९६८ मध्ये सोडविले. त्यामागील अक्षय्य राशींची अनंत मालिका मात्र बी. श्रीराम शास्त्री यांनी १९८६ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना उलगडली. या कार्याचे महत्त्व केवळ संख्येत नाही. कोणत्याही पुंज प्रणालीत जितक्या ऊर्जास्थिती, तितक्या अक्षय्य राशी सहज लिहिता येतात. परंतु त्या साऱ्या प्रणालीभर पसरलेल्या असतात. समतोलास अडसर ठरतात त्या लगतच्या मोजक्या स्थानांच्या बेरजेतून घडणाऱ्या स्थानिक राशी. हा भेद न केल्यास संपूर्ण युक्तिवादच निरर्थक ठरतो.

‘अशा प्रणाली कधीच स्थिरावत नाहीत’ हा निष्कर्षही ग्राह्य नाही. रिगोल व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखविले की, त्या स्थिरावतात. मात्र सर्व अक्षय्य राशींची नोंद ठेवणाऱ्या व्यापक गिब्ज वितरणाकडे. तसेच २०१८ मधील डिस्प्रोशियम अणूंच्या प्रयोगात द्विध्रुवी आकर्षण-प्रतिकर्षणाने अचूकता भंगताच औष्णिक समतोलाकडे वाटचाल आढळली. म्हणजे अपवाद नाजूक आहे, नियम कालसापेक्ष आहे.

निष्कर्ष :
समतोल हे गृहीतक नसून सिद्ध करावयाचा निष्कर्ष आहे, ही दृष्टी अध्यापनात यावयास हवी. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा अनिवार्य नाही. सहा स्थानांच्या हबर्ड साखळीच्या ४०९६ स्थिती साध्या संगणकावर हाताळता येतात. एरंडोलसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही हे शक्य आहे. मात्र इतकी लहान साखळी पुनःपुन्हा प्रारंभिक स्थितीच्या जवळ येऊ शकते. त्या पुनरावृत्तीस समतोलाचा अभाव समजण्याची चूक विद्यार्थ्यांकडून होऊ नये, हे पाहण्याची जबाबदारी अध्यापकाची आहे.