प्रत आणि प्रतीक्षा : लोकवर्गणीतून येणारा स्वतंत्र अ‍ॅनिमेशनपट आणि भिलाईचे दृष्टिस्थान

१

भाषिक प्रदेशाच्या सीमेबाहेर राहणाऱ्या वाचकाला किंवा प्रेक्षकाला कलाकृती भेटते ती बहुधा प्रतीच्या रूपाने. ग्रंथालये, नाट्यगृहे, चित्रपटगृहे, संमेलने जेथे दाट आहेत तेथे रसिक कलाकृतीकडे जाऊ शकतो. जेथे ती विरळ आहेत तेथे कलाकृतीलाच त्याच्या घरी यावे लागते. मराठीच्या संदर्भात भिलाई हे या दुसऱ्या प्रकारचे ठिकाण आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या भारत-सोव्हिएत कराराने येथे पोलाद कारखाना उभारण्याचे ठरले, त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने नागपूर मुंबई राज्यात गेले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले, तेव्हा नागपूर व भिलाई ही दोन वेगळ्या राज्यांतील स्थळे झाली होती. विदर्भातून नोकरीसाठी येथे आलेली मराठी कुटुंबे त्यामुळे एका अर्थी जवळच्याच मुलखात येऊनही परप्रांतीय ठरली. २००० साली छत्तीसगड राज्य झाल्यावर हे अंतर आणखी पक्के झाले. मुंबई-हावडा लोहमार्गाने नागपूर आजही जवळ आहे. परंतु मराठी चित्रपटाचे किंवा नाटकाचे नियमित वितरण त्या मार्गाने इथवर क्वचितच पोहोचते.

प्रस्तुत निबंधाचा विषय वरवर पाहता या परिस्थितीपासून दूरचा आहे. गेल्या काही वर्षांत जपान आणि अमेरिकेतील स्वतंत्र अ‍ॅनिमेशनकारांनी निर्माता वा वितरक नसताना थेट प्रेक्षकांकडून आगाऊ रक्कम गोळा करून आपल्या कृतींच्या घरी ठेवण्याजोग्या तबकड्या काढल्या. पैसे दिल्यापासून तबकडी हाती येईपर्यंत हा प्रेक्षक महिनोन्‌महिने वाट पाहतो. या प्रतीक्षेचा विचार सहसा व्यापाराच्या किंवा तंत्रज्ञानाच्या अंगाने होतो. ती साहित्यव्यवहाराचीही घटना आहे, आणि तिचा अर्थ लावण्यासाठी मराठीतील वर्गणीदाराचा इतिहास उपयोगी पडतो, असे येथे मांडावयाचे आहे. भिलाई हे येथे उदाहरणापेक्षा दृष्टिस्थान म्हणून घेतले आहे; कारण प्रत मिळाली नाही तर काय हरवते, हे केंद्रापेक्षा परिघावरून अधिक स्पष्ट दिसते.

२

आगाऊ पैसे देऊन कृतीला अस्तित्वात आणण्याच्या व्यवहारासाठी मराठीत किमान तीन शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळून चालणार नाहीत. ‘आश्रयदाता’ कर्त्याला आधार देतो. एकोणिसाव्या शतकातील अनेक मराठी ग्रंथांना जोडलेल्या आश्रयदात्यांच्या याद्या त्याची साक्ष आहेत. ‘वर्गणी’ ही समूहाची असते; उत्सवाची वर्गणी देणारा मूर्तीवर मालकी सांगत नाही, त्याला प्रसादाचा वाटा मिळतो. ‘प्रकाशनपूर्व नोंदणी’ मात्र प्रतीसाठी असते. नोंदणी करणारा स्वतःच्या कपाटातील एक जागा आधीच राखून ठेवतो. आज लोकवर्गणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवहारात हे तिन्ही अर्थ एकत्र आले आहेत. यादीतील नाव आश्रयदात्याचे असते, समूहभावना वर्गणीची असते आणि वचन प्रतीचे असते.

छत्तीसगडच्या भूमीवर या व्यवहाराचे एक जुने उदाहरण आहे. माधवराव सप्रे या मराठी मातृभाषेच्या संपादकांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. आर्थिक अडचणींमुळे ते तीन वर्षेच टिकले. त्याच मध्य प्रांताच्या राजधानीत, नागपुरात, श्रीधर व्यंकटेश केतकरांनी पुढे ज्ञानकोश मंडळ स्थापून भागधारक व ग्राहक मिळवण्याचा उद्योग आरंभला. कार्य नंतर पुण्यास हलले आणि ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड वाचकांपर्यंत पोहोचले. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या ग्रंथात केतकरांनी स्वतःच या उद्योगाचा इतिहास लिहून ठेवला आहे. विद्वत्तेचा आणि वर्गणीचा इतिहास वेगळा करता येत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. सप्रे आणि केतकर यांच्या उद्योगांना मिळालेले वेगवेगळे फळ केवळ गुणवत्तेने स्पष्ट होत नाही. कृती पुरी होण्याआधी तिच्यासाठी थांबावयास तयार असलेला वाचकवर्ग किती होता, हाही प्रश्न त्यात आहे.

चित्रपटात या व्यवहाराचे सर्वांत मोठे भारतीय उदाहरण म्हणजे श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’. विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर आधारलेला हा १९७६ चा चित्रपट गुजरातेतील ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केला आणि श्रेयनामावलीत निर्माते म्हणून त्यांचाच उल्लेख आला. मात्र त्यातील कोणालाही प्रतीचे वचन नव्हते. वर्गणीदाराला दर्शन मिळाले. प्रत संस्थेकडे राहिली. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुनरुज्जीवित केलेली प्रत २०२४ साली कान महोत्सवात दाखवली गेली, म्हणजे मूळ वर्गणीनंतर सुमारे अर्ध्या शतकाने प्रतीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि तो संस्थेलाच सोडवावा लागला.

३

जपानी दिग्दर्शक सुनाओ काताबुची यांनी फुमियो कोनो यांच्या चित्रकादंबरीवरून ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ हा चित्रपट केला. युद्धकाळातील कुरे आणि हिरोशिमा येथील एका साध्या गृहिणीची ही कथा. २०१५ साली त्याच्या प्राथमिक कामासाठी मागितलेल्या मदतीस ३,३७४ लोकांनी प्रतिसाद देऊन सुमारे ३ कोटी ९१ लाख येन दिले. २०१६ साली चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा अखेरीस या लोकांची नावे पडद्यावर आली. ज्या कथेत सामान्य माणसांची नावे इतिहासातून पुसली जातात, तिच्याच शेवटी सामान्य माणसांच्या नावांची लांब यादी यावी, याला आशयाच्या पातळीवरही अर्थ आहे. झेरार झ्हनेत यांनी संहितेच्या उंबरठ्यावरील ज्या मजकुराचा विचार केला, त्यात या यादीचा समावेश करावा लागेल. मराठी ग्रंथातील आश्रयदात्यांची यादी हे तिचे पूर्वरूप होय.

यासुहिरो योशिउरा यांची ‘टाइम ऑफ ईव्ह’ ही मालिका २००८-०९ मध्ये सहा भागांत आली आणि २०१० मध्ये तिचा चित्रपट झाला. जपानबाहेरच्या प्रेक्षकांसाठी ब्ल्यू-रे तबकडी काढण्याकरिता २०१३ मध्ये १८ हजार डॉलरची अपेक्षा ठेवण्यात आली. प्रत्यक्षात २ लाखांहून अधिक डॉलर जमा झाले. येथे कृती आधीच पूर्ण होती आणि अनेकांनी ती पाहिलेलीही होती. म्हणजे पैसे दिले गेले ते उत्सुकतेपोटी नव्हे. पाहिलेली गोष्ट टिकावी, म्हणून. अमेरिकी अ‍ॅनिमेशनकार डॉन हर्ट्झफेल्ट यांचे उदाहरण याच जातीचे. अगदी साध्या रेषाकृतींमधून स्मृतिभ्रंश आणि मृत्यू यांचे चित्रण करणारा त्यांचा ‘इट्स सच अ ब्युटिफुल डे’ आणि २०१५ चा ‘वर्ल्ड ऑफ टुमॉरो’ हा लघुपट यांची ब्ल्यू-रे आवृत्ती त्याच वर्षी लोकवर्गणीतून साकारली. दुसऱ्या कृतीचा विषयच मुळी प्रतींचा आहे : दूरच्या भविष्यातील एका स्त्रीची प्रतिकृती लहानपणीच्या मूळ मुलीला भेटावयास येते आणि तिच्याकडून एक आठवण परत मागते. प्रतीची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

अ‍ॅनिमेशनच्याच क्षेत्रात हा व्यवहार इतका का रुजला, याचे उत्तर त्याच्या श्रमात आहे. एका सेकंदाच्या चलनासाठी २४ चौकटी लागतात. एकच चित्र दोन चौकटींसाठी वापरले तरी १२ चित्रे काढावी लागतात. एकट्याने काम करणाऱ्या कलावंताचे एक मिनिट कित्येक आठवड्यांचे असते. त्यामुळे त्याचा प्रेक्षक विलंबाला दोष न मानता हस्तश्रमाची खूण मानावयास शिकतो.

४

हान्स रॉबर्ट याउस यांच्या अभिग्रहणविचारात वाचक अपेक्षांचे एक क्षितिज घेऊन कृतीपाशी येतो. वर्गणीदाराच्या बाबतीत हे क्षितिज स्थिर राहत नाही. प्रतीक्षेच्या काळात ते घडत जाते. या प्रक्रियेचे सर्वांत सूक्ष्म वर्णन मात्र सिद्धान्तात नसून गोगोलच्या १८४२ मधील ‘ओव्हरकोट’ या कथेत आहे. अकाकी अकाकीयेविच नव्या कोटासाठी पैसा साठवतो; संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, बुटांचे तळ झिजू नयेत म्हणून जपून चालतो. या उपासाच्या महिन्यांत तो अधिक जिवंत होतो. भावी कोटाची कल्पना त्याला सोबत करते. कोट मिळतो तो एका दिवसापुरता. त्याच रात्री तो लुटला जातो. प्रतीक्षेत माणूस समृद्ध होतो आणि प्राप्तीनंतर असुरक्षित, हा या कथेतील विरोधाभास आहे.

याच कथेवर यूरी नॉर्स्टाईन यांनी १९८१ साली कातरचित्रांचा अ‍ॅनिमेशनपट सुरू केला. ‘टेल ऑफ टेल्स’च्या या कर्त्याला कामाच्या संथपणामुळे १९८० च्या दशकातच सोयुझमुल्तफिल्म या शासकीय स्टुडिओतून बाहेर पडावे लागले, चार दशके उलटूनही चित्रपट अपुराच राहिला आहे. त्याचे पूर्ण झालेले तुकडे पाहिलेले रसिक जगभर त्याची वाट पाहत आहेत. कथेतील नायकाची प्रतीक्षा, कर्त्याचा विलंब आणि प्रेक्षकाची आशा यांची अशी एकरूपता तौलनिक साहित्याच्या अभ्यासात विरळाच आढळते. सोव्हिएत अभियंत्यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या भिलाईतून ही कथा वाचताना तिला आणखी एक परिमाण मिळते : राज्याच्या आश्रयाने भट्ट्या पेटतात, परंतु एका कारकुनाच्या कोटाचे चित्र पुरे होईलच अशी हमी त्या आश्रयाला देता येत नाही.

५

वाट पाहण्याचे हे गौरवीकरण येथेच थांबवले पाहिजे. कारण प्रत न निघाल्यास काय होते याचे उदाहरण मराठी सांस्कृतिक इतिहासाच्या आरंभीच आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. आगकाड्या एकेक चौकट सरकवून त्यांनी त्यांना चालते केले. भारतीय अ‍ॅनिमेशनचा इतिहास येथून सांगितला जातो. परंतु त्याची प्रत आज उपलब्ध नाही. ज्या कृतीला इतिहासात पहिले स्थान दिले जाते ती कोणीही पाहू शकत नाही. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोपर्यंत अर्धशतक लोटले होते.

सुमारे ९० वर्षांनंतर मुंबईच्या गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ हा १५ मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट प्रायः एकटीने चितारला. २००६ साली कानच्या समीक्षक सप्ताहात तो गौरवला गेला. त्यातील एकाकी वृद्धा आणि तिचे मांजर काडेपेट्यांवरील रंगीत चित्रांतून दुसऱ्या जगात प्रवेश करतात. फाळक्यांची काडी आणि राव यांची काडेपेटी यांचा थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल. तथापि दोन्ही कृतींत घरातली सर्वांत स्वस्त, वापरून फेकण्याची वस्तू कलेचे साधन होते. वृद्धेने काडेपेट्या जपल्या म्हणून तिला ते जग खुले झाले. फाळक्यांच्या आगकाड्या जपणारे घर कोणाचेच नव्हते. घरी ठेवलेली प्रत ही नुसती उपभोग्य वस्तू नव्हे, तर विस्मृतीविरुद्धची तरतूद असते. एका ग्रंथालयातील एक प्रत जळू शकते. तीन हजार घरांतील तीन हजार प्रती एकाच वेळी नाहीशा होणे अवघड असते.

६

या व्यवहाराच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. डॉलरमध्ये मागितलेली रक्कम, टपालखर्च आणि सीमाशुल्क यांमुळे सर्वांची लोकवर्गणी प्रत्यक्षात काहींचीच होते. ब्ल्यू-रेच्या विभागवारीत अमेरिका व जपान ‘ए’ विभागात, तर भारत ‘सी’ विभागात येतो. तबकडीवर विभागमर्यादा असल्यास पैसे भरून, वाट पाहून मिळालेली प्रत भिलाईच्या घरात चालणारच नाही. हक्कांचा कायदा प्रतींची संख्याही ठरवतो. नीना पेली यांचा ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ हा २००८ चा रामायणाधारित चित्रपट १९२० च्या दशकातील गीतांच्या हक्कांत अडकला. तडजोडीनंतर तबकड्यांची पहिली मर्यादित आवृत्ती ४,९९९ प्रतींची निघाली. पेली यांनी चित्रपट सर्वांस मुक्त केला आणि प्रेक्षकांच्या ऐच्छिक देणग्या स्वीकारल्या. जात्यावरच्या ओव्यांतून शतकानुशतके कोणाच्याही परवानगीवाचून फिरलेली सीतेची कथा येथे प्रतींच्या आकड्यात बांधली गेली आणि पुन्हा मोकळी झाली, हे मौखिक परंपरेच्या अभ्यासकाला विचारप्रवृत्त करणारे आहे. शिवाय आगाऊ पैसे देणारा प्रेक्षक कर्त्यावर अपेक्षांचे दडपण आणू शकतो. दरबारी आश्रयाचा हा दोष हजारो लहान आश्रयदात्यांमुळे विभागला जातो, संपत नाही.

तरीही परिघावरील भाषिक समूहाच्या दृष्टीने या व्यवहाराचे महत्त्व वेगळे आहे. वितरक प्रेक्षकसंख्येच्या घनतेकडे पाहतो. वर्गणीदारांच्या यादीत गाव कोणते याला महत्त्व नसते. कुर्ला, कोल्हापूर आणि भिलाई तेथे एका ओळीत येतात. मराठीतील स्वतंत्र अ‍ॅनिमेशनला असा विखुरलेला प्रेक्षकवर्ग मिळू शकेल काय, हा केवळ बाजाराचा प्रश्न नाही. बृहन्महाराष्ट्रातील पुढच्या पिढीला मराठी दृश्यकला कोणत्या रूपात भेटणार, हा त्यामागचा प्रश्न आहे. साहित्येतिहासाने आजवर लेखक आणि कृती यांची नोंद ठेवली. ग्राहकनोंदवह्या, आश्रयदात्यांच्या याद्या आणि आताच्या श्रेयनामावल्या यांचा तौलनिक अभ्यास झाला, तर कृतीसाठी थांबलेल्या माणसांचाही इतिहास लिहिता येईल. ‘छत्तीसगढ मित्र’ किती जणांच्या घरी जात होता आणि तो बंद पडल्यावर कोणाला त्याची उणीव भासली, येथून त्याचा आरंभ करता येईल.