डॉन हुआनचा धोतरा आणि आपला प्रबंध

नेट-सेट झाली, पेटचा निकाल लागला, आता गाईड शोधायचा आणि विषय ठरवायचा, अशा टप्प्यावर तुम्ही असाल तर आज एका वेगळ्याच पुस्तकाबद्दल बोलू या. हे पुस्तक संशोधन म्हणून छापलं गेलं, लाखो लोकांनी वाचलं, आणि त्याच लेखनाच्या ओघात लेखकाला पीएच.डी.ही मिळाली. अडचण एवढीच, की पुस्तकाचा नायक खरोखर होता याचा पुरावा आजवर कुणाला मिळालेला नाही.

पुस्तकाचं नाव ‘द टीचिंग्ज ऑफ डॉन हुआन’, उपशीर्षक ‘अ याकी वे ऑफ नॉलेज’. लेखक कार्लोस कास्तानेडा, तेव्हा लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये मानववंशशास्त्राचा विद्यार्थी. पुस्तक आलं १९६८ मध्ये, आणि कुठल्या बाजारू प्रकाशकाकडून नाही, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रेसकडून. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुस्तकात आहे काय?

थोडक्यात सांगते. औषधी वनस्पतींची माहिती गोळा करत फिरणाऱ्या कार्लोसला १९६० मध्ये एका बस स्थानकावर एक म्हातारा भेटतो. हा डॉन हुआन, मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतातला याकी. वर्षभर ओळख वाढते आणि मग म्हातारा त्याला शिष्य करून घेतो. शिकवणी तीन वनस्पतींची: पेयोटी नावाचं निवडुंग, एका मिश्रणातून ओढायची अळंबी, आणि धोतरा. हो, आपला धोतराच. जात वेगळी असेल, पण शंकराला आपण ज्याचं फूल आणि काटेरी फळ वाहतो त्याच कुळातला.

डॉन हुआन म्हणजे शमन. आपल्याकडच्या भगताशी ढोबळ साम्य आहे, पण दोन्ही एक धरू नका. दोघांची जगं निराळी. डॉन हुआनच्या लेखी वनस्पती म्हणजे ‘द्रव्य’ नाही. पेयोटी हा गुरू. धोतरा आणि धूर हे ‘साथी’, म्हणजे माणसाला बळ देणारी शक्ती. त्यातही धोतऱ्याचा स्वभाव बाईसारखा, हक्क गाजवणारा, असं तो सांगतो. मूळ, खोड-पानं, फुलं आणि बिया या चार भागांचं काम वेगवेगळं. आणि शिष्याने दुसऱ्याचं झाड वापरून चालत नाही. कार्लोसला धोतऱ्याचा एक तुकडा स्वतः लावावा लागतो, जगवावा लागतो. तो रुजला तरच पुढचं शिक्षण.

पुस्तकाचा पहिला, मोठा भाग हा या शिकवणीची रोजनिशी. दुसऱ्या भागात त्याच अनुभवांचं कोरडं ‘संरचनात्मक विश्लेषण’, क्रमांक आणि वर्गवारीसकट. बहुतेक वाचक तो भाग उलटतसुद्धा नाहीत. तुम्ही मात्र वाचा. का, ते खाली सांगते.

आधी जमेची बाजू

या पुस्तकावर टीका करणं सोपं आहे, म्हणून आधी त्यातलं चांगलं बघू.

पहिलं म्हणजे प्रश्न विचारणारा विद्यार्थी. धोतऱ्याच्या लेपानंतर कार्लोसला आपण उडालो असं वाटतं. तो गुरूला पुन्हा पुन्हा विचारतो: मी खरंच उडालो का? माझं शरीर उडालं का? मित्र शेजारी असता तर त्याला दिसलं असतं का? गुरू वैतागतो, आपण हसतो, पण प्रश्न अगदी आपले आहेत. निरीक्षण कुणाचं, साक्षीदार कोण, हेच तर तो विचारतोय.

दुसरं, वनस्पतीशी नातं ही कल्पना. मी वनस्पतिशास्त्राची. आमच्याकडे झाड प्रयोगशाळेत आलं की त्याची भुकटी होते, भुकटीचा अर्क होतो, अर्काचा आलेख. लावणं, जगवणं, कोणत्या ऋतूत कोणता भाग घ्यायचा, घेण्याआधी काय म्हणायचं, हे सगळं ‘पद्धती’ प्रकरणाच्या बाहेर राहतं. ज्यांच्याकडून ही माहिती येते त्यांच्यासाठी मात्र ज्ञान म्हणजे हेच सगळं. आणि यात रसायनही आहे. धोतऱ्यातल्या अॅट्रोपिन, स्कोपोलामिन, हायोसायमिन या अल्कलॉइडांचं प्रमाण झाडागणिक, भागागणिक, वयागणिक बदलतं. ‘आपलंच झाड वापर’ या नियमात एक अनुभवाचं शहाणपण असू शकतं.

असू शकतं, एवढंच. आणि अडचण नेमकी इथून सुरू होते.

‘नाही’ म्हणणारं कुणीच नाही

संशोधनात आपल्या बाहेरचं काहीतरी असावं लागतं, जे आपल्याला ‘नाही, असं नाही’ म्हणू शकेल. नमुना, मोजमाप, दुसरा साक्षीदार, भाषा, गाव. कास्तानेडाच्या पुस्तकात हे एकेक करून शोधा. एकही सापडत नाही.

वनस्पती घ्या. पुस्तकात शास्त्रीय नावं आहेत, पण त्यामागे तपासता येईल असा हर्बेरियममधला नमुना नाही. अळंबी सायलोसायबी गटातली म्हणतो, आणि ती वाळवून, भुकटी करून चिलमीतून ओढायची. मेक्सिकोतल्या अळंब्यांचा अभ्यास केलेल्या गॉर्डन वॉसन यांना हे वाचून लगेच शंका आली, कारण तिथे अळंबी खातात. एक नमुना असता तर वाद चहा संपायच्या आत मिटला असता.

आठवण घ्या. धोतऱ्याने येणारी अवस्था पेयोटी किंवा अळंबीसारखी नसते. तो सरळ भ्रम असतो: तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, नाडी जलद, ताप, समोर नसलेल्या माणसांशी गप्पा. त्यातून बाहेर आलेल्या माणसाला त्या वेळचं बरंचसं आठवत नाही किंवा तुटक आठवतं. कार्लोसला मात्र संवाद, क्रम, दिशा सगळं आठवतं. एवढ्यावरून पुस्तक खोटं ठरत नाही, पण परीक्षकाने पहिला प्रश्न इथेच विचारायला हवा होता. (जाता जाता, स्पष्टच सांगते: आपल्याकडे रस्त्याकडेला उगवणारा धोतरा हे विष आहे. त्यातल्या अल्कलॉइडांचं प्रमाण बघून कळत नाही आणि त्याने माणसं दगावतात. ‘अनुभव’ म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका.)

समाज घ्या. उपशीर्षकात ‘याकी’ आहे. अॅरिझोनातले एडवर्ड स्पायसर हे याकी लोकांमध्ये १९३०च्या दशकापासून काम केलेले अभ्यासक. त्यांनी १९६९ मध्ये परीक्षण लिहिलं. लेखनाचं कौतुक केलं, पण याकी परंपरेशी या मजकुराचा संबंध जोडायला आधार नाही, हेही सांगितलं. पेयोटी त्यांच्या ज्ञात परंपरेत नाही. पुस्तकातल्या कळीच्या कल्पनांसाठी याकी शब्दही दिलेले नाहीत.

काळ घ्या. पुढे ‘अ सेपरेट रिअॅलिटी’ (१९७१) आणि ‘जर्नी टू इक्स्तलान’ (१९७२) आली. रिचर्ड डी मिल यांनी १९७६च्या ‘कास्तानेडाज जर्नी’मध्ये फार साधी गोष्ट केली. तिन्ही पुस्तकांतल्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. एका पुस्तकातल्या शिष्याला जे आधीच ठाऊक आहे, ते दुसऱ्या पुस्तकात नंतरच्या तारखेला त्याला पहिल्यांदा कळतं, अशा विसंगती निघाल्या. फील्ड नोट्स तपासून शंका मिटली असती, पण त्या लेखकाने कधी खुल्या केल्या नाहीत.

आता तो दुसरा भाग आठवा, संरचनात्मक विश्लेषण. तक्ते, वर्ग, उपवर्ग. हे सगळं एकाच माणसाच्या बोलण्यावर उभं, आणि तो माणूस फक्त लेखकाला दिसलेला. विदा कच्ची असेल तर विश्लेषण कितीही नेटकं करा, ती पक्की होत नाही. म्हणून म्हटलं, तो भाग वाचा. आपल्या प्रबंधातही हे होतं. फक्त आपल्याकडे संरचनेऐवजी सांख्यिकी असते.

आणि या सगळ्यावर पांघरूण कशाचं? ‘नात्या’चं. हे ज्ञान फक्त गुरू-शिष्याच्या, माणूस-झाडाच्या नात्यातच कळतं, बाहेरच्याला कळणार नाही, असं एकदा म्हटलं की प्रश्न विचारणाराच अडाणी ठरतो. मला पुस्तकातली सर्वांत धोक्याची गोष्ट धोतरा वाटत नाही, ही युक्ती वाटते.

त्याच विभागातली दुसरी विद्यार्थिनी

‘अहो, पण असे विषय असेच असतात, पुरावा कुठून आणणार?’ असं कुणी म्हणेल. तर ऐका. त्याच दशकात, त्याच यूसीएलएमध्ये बार्बरा मायरहॉफ ही विद्यार्थिनीही शमन आणि पेयोटी याच विषयावर काम करत होती. १९६६ मध्ये ती मेक्सिकोतल्या हुइचोल लोकांबरोबर विरिकुता या त्यांच्या पवित्र वाळवंटात यात्रेला गेली. हुइचोल घरापासून शेकडो किलोमीटर जाऊन पेयोटीची ‘शिकार’ करतात. पेयोटी म्हणजेच हरीण, म्हणून पहिल्या पेयोटीवर बाण सोडतात. हरीण, मका आणि पेयोटी हे त्यांच्या लेखी एकच. वनस्पतीशी नातं याहून घट्ट काय असणार? पण हे नातं एकट्या शिष्याचं नाही. घराण्यांचं, वाटेचं, शेतातल्या मक्याचं आहे.

मायरहॉफचं ‘पेयोटी हंट’ १९७४ मध्ये आलं. त्यात वाटाड्याचं नाव आहे: रामोन मेदिना सिल्वा. ठिकाण आहे, सोबत गेलेला दुसरा अभ्यासक आहे. एक गंमत सांगते. रामोनने धबधब्यावरच्या खडकांवरून उड्या मारून दाखवलेलं तोल सांभाळण्याचं कसब मायरहॉफने कास्तानेडाला सांगितलं होतं. पुढे त्याच्या पुस्तकात डॉन हेनारो नावाचा शमन धबधब्यावर तसलंच काहीतरी करताना दिसतो. निष्कर्ष तुम्ही काढा.

मायरहॉफचं काम निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. तीही मुख्यतः एकाच माणसावर विसंबली. जे कोर्टनी फाइक्स यांनी १९९३ च्या पुस्तकात तिच्यावर आणि तिच्या सहकाऱ्यावरही कडक आक्षेप घेतले, रामोनच्या शमनपणावर प्रश्न उभे केले. पण बघा, आक्षेप घेता आले! माणूस, गाव, वाट खरी होती म्हणून दुसरा अभ्यासक तिथे जाऊन ‘हे असं नाही’ म्हणू शकला. चांगलं संशोधन म्हणजे आक्षेप नसलेलं संशोधन नव्हे. ज्यावर नेमका आक्षेप घेता येतो ते.

पण पुरावा असला की झालं?

नाही. वॉसन यांचंच उदाहरण घ्या. त्यांच्याकडे पुरावा चोख होता. १९५५ मध्ये ते ओआहाकातल्या वाउत्ला गावात मारिया साबिना या माझातेक बाईंच्या रात्रीच्या विधीत बसले. अळंबी पॅरिसला रॉजर हाइम यांच्याकडे पोहोचली, त्यांनी ती ओळखली, प्रयोगशाळेत वाढवली. अल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ मध्ये तिच्यातून सायलोसायबिन वेगळं केलं. पद्धतीच्या दृष्टीने पैकीच्या पैकी.

पण १९५७ मध्ये ‘लाइफ’ मासिकात सचित्र लेख आला. बाईंचं नाव बदललं होतं, फोटो मात्र होते. ओळख लपली नाही. परदेशी लोकांची रीघ लागली, गावाचा रोष बाईंवर आला, त्यांचं घर जाळलं गेलं. आजारी माणसाला बरं करण्यासाठी असलेली अळंबी मौजेची झाली. १९८५ मध्ये बाई गेल्या, त्या गरिबीतच. सायलोसायबिनवर मात्र आजही जगभर शोधनिबंध निघतायत.

कास्तानेडाच्या ‘कल्पित’ पुस्तकाची किंमतही खऱ्या माणसांनी मोजली. पोर्फिरिओ दियासच्या राजवटीत याकी लोकांना पकडून युकातानच्या मळ्यांवर हद्दपार केलं गेलं होतं. तो इतिहास जगाला फारसा ठाऊक नाही. ‘याकी’ म्हटल्यावर वाचकाला आठवतो तो न सापडणारा डॉन हुआन.

दोष फक्त कास्तानेडाचा?

१९७३ मध्ये कास्तानेडाला पीएच.डी. मिळाली. प्रबंध म्हणजे जवळजवळ ‘जर्नी टू इक्स्तलान’च. शंका तोवर छापून आल्या होत्या. पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच प्राध्यापक वॉल्टर गोल्डश्मिट यांनी ते एथ्नोग्राफीही आहे आणि रूपककथाही, असं म्हणून ठेवलं होतं. माझा खरा राग या वाक्यावर आहे. रूपककथा लिहा ना, कादंबरीच्या कपाटात ठेवा, आम्ही आवडीने वाचू. पण विद्यापीठाचा शिक्का हवा आणि विद्यापीठाचे प्रश्न नकोत, असं कसं चालेल? तरुण विद्यार्थ्याने बनवाबनवी केली असेलही. नोट्स मागणं हे मोठ्यांचं काम होतं.

‘गुरूचं नाव लपवायचं होतं’ हा बचाव पुरत नाही. टोपणनाव वापरणं योग्यच, पुष्कळदा गरजेचंही. पण गोपनीयता जगापासून असते, नोंदींपासून नाही.

तुमच्या कामासाठी

उद्या तुम्ही पालघरला, नंदुरबारला, गडचिरोलीला वनौषधींची माहिती घ्यायला जाल, तेव्हा हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा:

१. या वनस्पतीचा नमुना कुठल्या हर्बेरियममध्ये, कोणत्या क्रमांकाने ठेवलाय?
२. सांगणाऱ्याचा मूळ शब्द काय होता, त्याच्याच बोलीत? माझं भाषांतर वेगळं लिहिलंय का?
३. मी चुकतोय किंवा चुकतेय, हे मला कोण सांगू शकेल? त्या माणसापर्यंत माझं लेखन पोहोचणार आहे का?
४. हे छापल्यावर त्या घरावर काय येईल? संमती घेतली, पण कशाची, हे त्यांना कळलंय का?

पहिले तीन प्रश्न कास्तानेडाने टाळले. चौथ्यात वॉसन नापास झाले. झाडाशी नातं जोडायला माझी हरकत नाही, उलट जोडाच; कुंडीत लावा, चार ऋतू बघा, प्रबंध सुधारेल. फक्त ‘झाडाने मला सांगितलं’ हे वाक्य निष्कर्षात येऊ देऊ नका. झाडाने सांगितलेलं दुसऱ्या कुणाला तरी ऐकू यायला हवं.

पुस्तक मिळालं तर जरूर वाचा, पण हातात पेन्सिल घेऊन. प्रत्येक पानावर समासात एकच शब्द लिहायचा: ‘कशावरून?’