फूड स्टॅम्प कुठे लपलेत?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक तक्ता वहीत उतरवून घेतला होता आणि जो भेटेल त्याला तो दाखवत सुटले होते. तक्ता सुझान मेटलर यांच्या ‘द सबमर्ज्ड स्टेट’ या २०११ सालच्या पुस्तकातला. मेटलरबाई कॉर्नेल विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवतात. २००८ मध्ये अमेरिकेत सुमारे १४०० लोकांना विचारलं गेलं: ‘सरकारी सामाजिक योजना तुम्ही कधी वापरली आहे का?’ ५७ टक्के म्हणाले, नाही. मग त्यांच्यापुढे २१ योजना नावानिशी ठेवल्या आणि एकेक विचारली. आधी ‘नाही’ म्हणालेल्यांपैकी ९४ टक्के लोकांनी त्यातली किमान एक तरी वापरलेली निघाली!

असा आकडा हाती लागला की संशोधकाला पंख फुटतात. मलाही फुटले. विभागातल्या सेमिनारमध्ये मी तो तक्ता पडद्यावर टाकला आणि ऐटीत सांगितलं, ‘बघा, अमेरिकेत सरकार दिसत नाही, म्हणून लोकांचा सरकारवर विश्वास नाही.’ मागच्या बाकावरून एका ज्युनियर मुलाने शांतपणे विचारलं, ‘ताई, तक्त्याच्या तळाला फूड स्टॅम्प आहेत. ते घेणारेही २५ टक्के लोक नाहीच म्हणतायत. फूड स्टॅम्प कुठे लपलेत?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज ते पुस्तक पुन्हा वाचतेय ते त्या प्रश्नासाठी.

आधी पुस्तकाची बाजू नीट समजून घेऊ. मेटलरबाईंचं म्हणणं असं की अमेरिकन सरकार नागरिकांना बरंच काही देतं, पण सरळ हातात देत नाही. घरकर्जाच्या व्याजावर करसवलत देतं, मालकाने काढलेल्या आरोग्य विम्यावर कर घेत नाही, शैक्षणिक कर्ज २०१० पर्यंत बँकांमार्फत पुरवायचं. घेणाऱ्याला वाटतं, ही माझ्या कमाईची, मालकाची किंवा बँकेची कृपा. तक्त्यात वरच्या ओळी अशाच योजनांच्या आहेत. व्याजावरची सूट घेणारे ६० टक्के, शैक्षणिक कर्ज घेणारे ५३ टक्के लोक म्हणाले की आम्ही सरकारी योजना वापरलेलीच नाही. घरकर्जाच्या सवलतीचा मोठा वाटा वरच्या उत्पन्नगटाला जातो, त्यामुळे हे न दिसणं निरुपद्रवीही नाही.

ओबामांचं उदाहरण तर चपखल आहे. २००९ च्या मंदीत त्यांनी बहुसंख्य नोकरदारांना करसवलत दिली: एकट्याला ४०० डॉलरपर्यंत, जोडप्याला ८००. पण एकरकमी चेक न देता पगारातून होणारी करकपात थोडीशी कमी केली. हेतू असा की रक्कम नकळत हातात आली तर लोक ती बाजूला न टाकता खर्च करतील. झालंही नकळतच. फेब्रुवारी २०१० च्या एका जनमत चाचणीत जेमतेम १२ टक्के लोकांना कर कमी झाल्याचं माहीत होतं. (२०२० मध्ये कोरोना मदतीच्या कागदी चेकांवर अध्यक्ष ट्रम्प यांचं नाव छापलं गेलं. धडा कोणी घेतला ते उघड आहे.)

इथवर पुस्तक भक्कम आहे. त्यातला सर्वेक्षण-प्रयोगही मला आवडतो. व्याजावरच्या सुटीचा फायदा कोणाला किती होतो हे आकड्यांनिशी सांगितल्यावर कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांचा त्या सुटीला विरोध वाढला. म्हणजे माहिती मिळाली तर लोक मत बनवतात.

पण आता तक्ता वरून खाली वाचा. सोशल सिक्युरिटी पेन्शन घेणारे ४४ टक्के लोक ‘नाही’ म्हणतात. ही योजना लपलेली मुळीच नाही, पैसे सरकारकडूनच येतात. पण त्यासाठी आयुष्यभर पगारातून कपात झालेली असते. त्या माणसाच्या लेखी ते आपलेच पैसे परत आलेले असतात. आणि फूड स्टॅम्पवाला? त्याला अर्ज करावा लागतो, कागदपत्रं दाखवावी लागतात, दुकानाच्या काउंटरवर सगळ्यांदेखत ते वापरावे लागतात. तो विसरलाय असं म्हणणं कठीण आहे. तो बहुधा लाजतोय, किंवा ‘सामाजिक योजना’ हा शब्द ऐकून त्याच्या डोळ्यांपुढे दुसराच कुणीतरी ‘फुकट खाणारा’ उभा राहतोय. एकाच रकान्यात न दिसणं, हक्काचं वाटणं आणि लाज वाटणं असे तीन वेगळे नकार बसलेत. वरच्या आणि खालच्या ओळींमधला फरक मोठा आहे, तेव्हा मेटलरबाईंचा मुद्दा खोटा पडत नाही. पण पहिला नकार किती आणि तिसरा किती, हे हा प्रश्न सांगू शकत नाही.

विश्वासाबद्दलची माझी उडी तर आणखी कच्ची होती. वॉशिंग्टनमधलं सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करतं असं १९५८ मध्ये जवळपास तीन-चतुर्थांश अमेरिकन म्हणायचे, १९८० पर्यंत हे प्रमाण पावाच्या आसपास आलं. पण घरकर्जाची सूट १९१३ च्या आयकराइतकीच जुनी, आणि विम्यावरची करमाफी १९५४ च्या कायद्यात पक्की झालेली. विश्वास शिखरावर होता तेव्हाही ही दोन्ही होतीच. मधल्या काळात व्हिएतनाम झालं, वॉटरगेट झालं.

बरं, सरकार दिसलं की विश्वास वाढतो का? जो सॉस यांचा १९९९ चा लेख इथे वाचायलाच हवा. मुलं असलेल्या गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी एक योजना तेव्हा नुकतीच, १९९६ मध्ये, बंद झाली होती. तिच्यातल्या बायकांना सरकार रोज दिसायचं, केसवर्करच्या रूपात. मदत द्यायची की कापायची हे पुष्कळसं त्याच्या हातात. त्या यातून शिकल्या की तक्रार करून उपयोग नाही, आणि हाच धडा त्यांनी एकूण सरकारला लावला. अपंगत्व विमा घेणाऱ्यांचा अनुभव असा नव्हता. तिथे नियम ठरलेले होते, आणि विचारलं की उत्तर मिळायचं. गंमत म्हणजे त्याच गरीब आयांपैकी ज्यांची मुलं ‘हेड स्टार्ट’ या बालवाडी योजनेत होती, त्यांचा सूर वेगळा होता. हेड स्टार्टमध्ये पालकांना निर्णयात बसवतात.

जीआय बिलाचंही असंच. १९४४ च्या या कायद्याने शिकलेले सैनिक पुढे सार्वजनिक कामात जास्त उतरले, हे मेटलरबाईंनीच २००५ च्या पुस्तकात दाखवलंय. त्याच वर्षी इरा कॅट्झनेल्सन यांनी दुसरी बाजू मांडली: अंमलबजावणी स्थानिक गोऱ्यांच्या हाती राहिल्यामुळे दक्षिणेतल्या अनेक काळ्या सैनिकांच्या वाट्याला त्यातलं फार कमी आलं. कायदा एकच, खिडकीपलीकडचा माणूस वेगळा.

मेटलरबाई स्वतः २०१८ च्या ‘द गव्हर्न्मेंट-सिटिझन डिस्कनेक्ट’मध्ये थोड्या सरकल्यात. माणसाने किती योजना वापरल्या यापेक्षा ‘वेलफेअर’बद्दल त्याचं मत काय, यावरून सरकारबद्दलचा त्याचा सूर जास्त कळतो, असं त्यांना तिथे आढळतं. मी हे पुस्तक आधी वाचलं असतं तर सेमिनारमध्ये वाचले असते! लिटरेचर रिव्ह्यू करताना लेखकाचं गाजलेलं पुस्तक वाचून थांबू नका, त्याचं पुढचंही काढा.

आणि प्रश्नावली भाषांतरित करणार असाल तर एक सांगते. मूळ प्रश्नातला ‘प्रोग्राम’ मराठीत ‘योजना’ होतो, आणि ‘वापरणं’ नकळत ‘लाभ घेणं’ होतं. ‘लाभ’ आला की मागोमाग ‘लाभार्थी’ येतो, आणि समोरचा माणूस सावरून बसतो. माझ्या पायलटमध्ये आता निम्म्या लोकांना आधी यादी आणि मग तो मोठा प्रश्न, उरलेल्यांना उलट क्रम, असं ठेवलंय. गाइडना नमुना फार लहान वाटतोय. तो ज्युनियर आकडे भरायला मदत करतोय.