दहा वाघांचं बळ

दहा वाघ म्हणजे नेमके किती, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात पुस्तकी नाही. 2018 साली राळेगाव-पांढरकवडा भागात एका वाघिणीच्या धास्तीनं माणसं वावरात जायची थांबली होती. एका! आमच्या ढाणकीला टिपेश्वर अभयारण्य लांब, पण पैनगंगेचं जवळ. सकाळी कुणाच्या पराटीत पंजाचा ठसा दिसला की संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याचे दोन वाघ झालेले असतात. म्हणून इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाला दहा वाघांचं बळ आहे असं म्हटलं, की आमच्याकडचा माणूस आधी हसतो आणि मग जरा विचारात पडतो.

'असं म्हटलं' हे दोन शब्द महत्त्वाचे. वेताळाचं सगळं बळ त्यांच्यातच आहे.

ली फॉक यांचा फँटम 1936 साली अमेरिकी वर्तमानपत्रांत आला. टाइम्स ऑफ इंडियानं मार्च 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं ते त्यालाच घेऊन, आणि मराठीत तो 'वेताळ' झाला. हे नामकरण म्हणजे निम्मी कलाकृती. मूळ नावात नुसतं एक धूसर भूत आहे. आपला वेताळ भुतांचा राजा; रात्री त्याची पालखी निघते, कोकणात-गोव्यात तो गावाची राखणही करतो, आणि 'चांदोबा'त विक्रमाच्या खांद्यावर बसून अडचणीचे प्रश्न विचारतो. भीती आणि राखण एकाच नावात आधीपासून होती. जांभळा घट्ट पोशाख, त्यावर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी असा अवतार असूनही त्याला पाहून आम्ही हसलो नाही, ते या नावामुळं.

इंद्रजालनं आणखी एक शहाणपण केलं. मूळ कथेतल्या प्रदेशाचं नाव बंगालची आठवण देणारं होतं, त्याचं 'डेंकाली' केलं. 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. कारण उघड होतं: वाचणाऱ्याला आपल्याच माणसांची नावं खलनायकाला लागलेली नकोत. पण त्यामुळं डेंकाली कोणत्याच नकाशात उरलं नाही, आणि बिटरगावच्या पलीकडचं जंगल म्हणजेच डेंकाली, असं आम्ही खुशाल धरून चालायचो.

आता चित्रं पाहा. 1961 पासून पुढची तीस-पस्तीस वर्षं साय बॅरी यांनी ही मालिका काढली. त्यांच्या रात्री अस्सल काळ्या असतात. शेकोटीभोवती बसलेले बदमाश, चेहऱ्यावर पिवळा उजेड, पाठीमागं नुसती शाई. त्यातला एक जण वेताळ-बिताळ काही नसतं म्हणून हसतो. दुसरा हसत नाही. त्यानं काहीतरी ऐकलेलं असतं. पुढच्या चौकटीत अंधारातून आवाज, त्याच्या पुढच्या चौकटीत जबड्यावर वेताळाच्या अंगठीतल्या कवटीचा ठसा. मारामारी एका चौकटीत आटोपते. कथेनं तीन चौकटी खर्च केल्या त्या ऐकीव गोष्टीवर. मुखवट्यातल्या डोळ्यांना बुबुळं नाहीत, आणि चेहरा तर आपल्याला कधीच दिसत नाही. म्हणजे चित्रकारानंही अफवा फोडलेली नाही.

वास्तविक त्याच्याकडं अद्भुत शक्ती एकही नाही. 1536 पासून बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो, लोक समजतात की हा मरतच नाही. एकवीस पिढ्यांनी मिळून सांभाळलेलं खोटं ते हेच. खाली उरलेला माणूस घोड्यावर बसतो, दमतो, कवटीच्या गुहेत जाऊन वही लिहितो.

1986 साली 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' हे कार्टून आलं. पासष्ट भाग, फ्लॅश गॉर्डन, मँड्रेक आणि वेताळ एकाच टोळीत, काळ 2015 चा. मी ते फार उशिरा, पुतण्याच्या मोबाइलवर पाहिलं. त्यात वेताळ संकट आलं की जंगलाच्या कायद्याची आण घेऊन दहा वाघांचं बळ स्वतःच मागून घेतो, आणि ते त्याला खरोखर मिळतं! टपरीवर यावरून वाद झाला.

"त्याच्यात तो लोखंड वाकवते," एक दोस्त म्हणाला. "कॉमिकमधला तर नुसता माणूस हाय."

"मंग? मी तेच तर म्हणून राहिलो."

कॉमिकमध्ये दहा वाघांचं बळ ही जंगलातल्या लोकांची म्हण आहे; ती त्यांच्या तोंडातून काढून नायकाच्या तोंडात घातली की तिचा मंत्र होतो, आणि मंत्राला ऐकणारा लागत नाही. कार्टूनमधल्या जंगलात म्हणूनच कुणी कुजबुजत नाही. सगळे थेट बोलतात, तेही ओरडून.

'फँटम 2040' (1994 ते 1996) मात्र मी उचलून धरतो. पीटर चुंग यांनी काढलेली लांबट, हाडकुळी माणसं, धुरकट महानगर, आणि त्या शहराच्या पोटात लपून वाढलेलं जंगल. इथला चोविसावा वेताळ कॉलेजातला पोरगा आहे. घराण्याचा इतिहास त्यालाही दुसऱ्याकडून ऐकूनच कळतो. अफवेचा वारसदार अफवा ऐकणारा निघाला, हे कुणाला तरी बरोबर सुचलं. पस्तीस भागांतच संपलं, याचं वाईट वाटतं.

मूळ कॉमिकमधला एक खडा मात्र दाताखाली येतोच. गोरा माणूस सिंहासनावर आणि भोवती जंगलातली माणसं हात जोडून, हे चित्र आंध-गोंडांच्या वस्त्यांशेजारी राहून वाचताना गोड लागत नाही. फॉक यांनी पुढं लामांडा लुआगा हा डॉक्टर असलेला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष निवडणुकीतून आणला, पण सिंहासन जागेवरच राहिलं.

इंद्रजाल 1990 मध्ये बंद झालं. आमच्याकडं आलेला एक अंक आठवडी बाजारातल्या रद्दीतला होता, शेवटची दोन पानं फाटलेली. वेताळ दोरखंडानं बांधलेला, समोर तीन बंदूकवाले, आणि पुढं काही नाही. ते पोरांनी आपापलं रचलं. एकाच्या गोष्टीत वेताळाचा लांडगा दोर कुरतडायचा; दुसऱ्याच्या गोष्टीत बंदूकवाल्यांपैकी एकाच्या जबड्यावर जुना ठसा निघायचा आणि तोच घाबरून पळायचा. परवा टपरीवर पुन्हा विषय निघाला, तेव्हा बंदूकवाले सात झाले होते.