म्होरक्या बदलतो कसा?

2016च्या उन्हाळ्यात पानी फाउंडेशनचा पहिला वॉटर कप, म्हणजे श्रमदानातून जलसंधारण करायची गावागावांतली स्पर्धा, तीनच तालुक्यांत झाला: साताऱ्यातला कोरेगाव, बीडमधला अंबाजोगाई आणि आपला वरूड. वरूड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटच्या भोवताली संत्र्याच्या बगीच्यांपायी बोअर वर्षानुवर्षं खोल खोल जात होते. पाण्याचं महत्त्व इथे कोणाला शिकवायची गरज नव्हती. पहिली टिकास कोणी मारायची, एवढाच काय तो प्रश्न होता.

असल्या श्रमदानात काय होतं ते खेड्यातल्या कोणालाही ठाऊक असतं. नारळ सरपंच फोडतो. चार दिवसांत गर्दी ओसरली की चराची आखणी करणारा एखादा पोरगा, नाहीतर बचत गटातली एखादी बाई सांगू लागते आणि बाकीचे ऐकू लागतात. कुठे ठराव होत नाही, कोणी राजीनामा देत नाही. पुढारपण इकडून तिकडे सरकलेलं असतं.

आपल्या सिनेमाला हे सरकणं सहसा टिपता येत नाही. म्होरक्याला पाटावर बसवणं त्याला जमतं, पाटावरून ओढून काढणंही जमतं. मधलं सगळं गाण्यात उरकतं.

वॉटर कपवरच्या ‘तुफान आलंया’ या मालिकेत हा सगळा ऐवज हाताशी होता. उपक्रमाची धुरा सत्यजित भटकळांकडे, म्हणजे ‘लगान’ कसा घडला यावर ‘चले चलो’ हा माहितीपट करणाऱ्या माणसाकडे. तरीही मालिकेत एखादी बाई किंवा एखादा तरुण समोर येतो तो बहुधा ठरलेला नायक होऊनच. तो नायक कसा झाला, त्याच्याआधी कोणाचं ऐकलं जात होतं, त्या पहिल्याचं पुढे काय झालं, याला वेळ नाही. एका भागात एक गाव बसवायचं तर दुसरं काय होणार? आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ (2024) नांदेडमधल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांची गोष्ट सांगतो. तळमळीचा सिनेमा आहे, पण नायक आणि त्याचं लग्न यांच्यापुढे गाव मागे उभं राहतं.

अमर देवकर यांच्या ‘म्होरक्या’चं तर नावच हे. मेंढरं राखणाऱ्या आश्याला शाळेच्या परेडचं पुढारपण हवं आहे. पोरांच्या रांगेतली चढाओढ त्यात खरी वाटते. मात्र पुढे कोण हे शेवटी शाळेने ठरवायचं. पोरांनी कोणाला मानलं, हा प्रश्न बाजूलाच पडतो. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावर बेतलेल्या ‘झुंड’मध्ये (2022) नागराज मंजुळे यांनी टोळीची भाषा, चाल, मस्ती अशी पकडली आहे की विदर्भातल्या माणसाने खूश व्हावं. पण समोर अमिताभ बच्चन उभे असताना टोळीतून कोणी कप्तान उगवेल कसा? उत्तरार्धात टोळी विखुरते आणि गोष्ट त्यातल्या एकट्या अंकुशची होते.

मग मराठीत हे जमलं कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी. दोन्ही ठिकाणी श्रेय आधी लेखकाला.

सत्यदेव दुबे यांनी 1971 साली तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर सिनेमा केला. वेळ घालवायला खोटा खटला मांडणारी नाटकमंडळी. सुरुवातीला बेणारेबाई सगळ्यांवर भारी आहे. टिंगल तिची, हुकूम तिचा. मग खेळातल्या आरोपाला खऱ्या आयुष्याचा वास लागतो आणि सुखात्मे या पडेल वकिलाला अचानक कंठ फुटतो. काशीकर न्यायाधीशाची खुर्ची सोडून स्वतःच साक्षीला उभे राहतात. गावातला भाबडा सामंत कादंबरीतलं वाचून साक्ष देतो तीही कामी येते. सगळ्या टोळीला एकीचं सुख मिळतं ते एकीला कोपऱ्यात घेतल्यावर. लुमेटच्या ‘12 अँग्री मेन’मध्ये (1957) एकटा माणूस अकरांना वळवतो, तेंडुलकरांकडे अकरांसारखेच लोक एकीला गिळतात. मला दुसरं जास्त ओळखीचं वाटतं.

दुसरा ‘देऊळ’ (2011). लिहिणारे गिरीश कुलकर्णी, दिग्दर्शक उमेश कुलकर्णी. केश्याला दत्त दिसतो, तेव्हा गावाचं लक्ष केश्याकडे. मग रिकामटेकड्या पोरांचं टोळकं ते उचलतं, पेपरवाला फुंकर घालतो, आणि गावचे पुढारी भाऊ आधी कानाडोळा करून वारं कुठलं ते बघतात नि मग पुढे होतात. दवाखान्याची गोष्ट करणारे अण्णा कोणी न हाकलता बाजूला पडतात. देऊळ उभं राहतं, त्यात केश्याला जागा नसते. प्रत्येक बदल एखाद्या बैठकीत, एखाद्या चहात होतो. याच जोडीच्या ‘वळू’त (2008) सरपंच आणि आबाची ओढाताण गमतीदार आहे, पण पकड इतकी घट्ट नाही.

वरूडच्या उन्हाळ्यावर सिनेमा काढायचा तर तो ‘देऊळ’च्या वाटेने काढावा: तीनदा म्होरक्या बदलणारा, एकही मोठा नट नसलेला. तोवर ‘देऊळ’ पुन्हा बघा, आणि या खेपेला केश्यावरची नजर काढून त्या पोरांच्या टोळक्यावर ठेवा.