रोज एक चौकट? फाळके यांच्या रोपट्याचा हिशेब

धुंडिराज गोविंद फाळके यांच्या ‘अंकुराची वाढ’ या चित्रफितीची गोष्ट आपण शिक्षक मंडळी वर्गात आवडीने सांगतो. १९१२ साली फाळके लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर रोज एकेक चौकट टिपली. मिनिटभराच्या फितीत बीचा वेल झालेला दिसला! पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

गोष्ट छान आहे. पण मोडनिंबच्या आमच्या नववीच्या वर्गात ती सांगताना आम्ही सहज फळ्यावर आकडे मांडले आणि अडकलो. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चौकटी दाखवत. एका मिनिटाला ९६० चौकटी झाल्या. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या एका फुटात १६ चौकटी मावतात, म्हणजे ६० फूट फीत. रोज एकच चौकट घेतली तर महिन्याच्या ३० चौकटी दोन सेकंदांच्या आत संपतील. एवढ्यात कोणता सावकार पैसे काढून देईल?

म्हणजे फाळके यांनी रोज सरासरी ३२ चौकटी घेतल्या असल्या पाहिजेत. उजेडाचे आठ तास धरले, तर दर पंधरा मिनिटांनी एक. ‘रोज एक’ म्हटल्याने चिकाटीची गोष्ट सुटसुटीत होते खरी, पण खऱ्या चिकाटीचा बत्तीसावा हिस्साच मुलांपर्यंत पोचतो. आमची पहिली तक्रार ही.

दुसरी तक्रार अशी, की कॅमेऱ्याआधीच्या रसायनशास्त्राचे नावही कोणी घेत नाही. मुंबईत छायाचित्रण फार लवकर आले. तिथली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. पण १८५१ पासून रूढ झालेल्या ओल्या कलोडियनच्या काचा वापरून अंकुराची फीत करणे अशक्यच होते. काच ओली असतानाच प्रकाश द्यायचा, ओली असतानाच धुवायची. आपल्या उन्हाळ्यात तर फारच घाई. १८७१ मध्ये मॅडॉक्स यांनी जिलेटिनचा कोरडा लेप सुचवला आणि पुढे तो लवचिक सेल्युलॉइडवर चढला. मग प्रकाश लागल्यावरही अदृश्य प्रतिमा फितीवर टिकून राहू लागली. पहिल्या दिवशीची चौकट आणि तिसाव्या दिवशीची चौकट एकाच वेळी धुता आली, ती यामुळे. युरोपात फेफर यांनी १९०० च्या आसपास, तर पर्सी स्मिथ यांनी १९१० मध्ये वनस्पतींच्या अशा फिती केल्या होत्या. फाळके पहिले नव्हेत. त्याने त्यांचे मोठेपण काही उणावत नाही.

हिशेब करून थांबणे बरे वाटेना, म्हणून आम्ही हरभरा पेरला. विटांवर मोबाइल, शाळेच्या वेळेत दर पंधरा मिनिटांनी एक चित्र. पहिली खेप फुकट गेली. झाडताना कुणीतरी कुंडी फिरवून ठेवली आणि रोपाने पडद्यावर एकदम पाठ फिरवली. दुसऱ्या खेपेस बारा दिवसांत ३३६ चित्रे जमली, म्हणजे २१ सेकंद. पाहून झाल्यावर एका मुलीने विचारले, “सर, झाड थांबून थांबून उडी मारतं का?”

प्रश्न चोख होता. दर पावणेदोन सेकंदांनी रोप खरोखरच उडी घेत होते, आणि रविवारनंतर मोठी. त्या रात्री होत्या, चित्रात न आलेल्या. दिवसाउजेडीच काम केले असेल, तर फाळके यांच्या वेलानेही अशाच उड्या घेतल्या असणार. पाहणाऱ्याला वाढ दिसते, पण दोन चौकटींमध्ये किती वेळ गेला हे चित्र स्वतः सांगत नाही. प्रेक्षकाला थक्क करायला तेवढे पुरे. विज्ञानाच्या तासाला नाही. तिसऱ्या खेपेला आम्ही कुंडीशेजारी भिंतीवरचे घड्याळ आणि मोजपट्टी ठेवली. रात्रीसाठी दिवाही लावून पाहिला, तर तीन दिवसांत सारी रोपे दिव्याकडे वाकली. आता दिवा फक्त चित्र घेण्यापुरता लावायचा आहे, आणि रात्री दर पंधरा मिनिटांनी तो लावायला कोण बसणार, यावर वर्गात वाद चालू आहे.